रुमालाखालचा सौदा आणि नगराचा कारभार

आपल्या वाडवडिलांच्या तोंडून ज्यांनी जुन्या मोंढ्याच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्यांस हत्त्याचा सौदा म्हणजे काय हे सांगावयास नको. शेतकऱ्याने गाडी सोडावी, खरीददाराने ज्वारीची मूठ तळहातावर घेऊन पाहावी, आणि मग अडत्या व खरीददार या दोघांनी एका रुमालाखाली हात घालून परस्परांची बोटे दाबावी. बोटांच्या त्या मुक्या भाषेत काय बोलणे झाले ते त्या दोघांस ठाऊक. रुमाल निघाला की भाव ठरलेला असे. ज्याचा माल, तो मात्र चार पावलांवर उभा राहून दोघांच्या तोंडाकडे पाहत असे. भाव वाजवी ठरला की गैरवाजवी, हे समजण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. जे हाती पडेल ते घेऊन त्याने गाडी जुंपावी, हा शिरस्ता होता.

ही पद्धत लुच्च्या लोकांनी काढली म्हणून वाईट होती, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. पुष्कळ अडते सचोटीचे होते, आणि शेतकऱ्याच्या अडीअडचणीस, लग्नकार्यास, बी-बियाण्यास तेच उपयोगी पडत. परंतु रुमालाखाली लबाडाची लबाडी जशी झाके, तशी प्रामाणिकाची सचोटीही झाकली जाई. दोघेही सारखेच संशयास पात्र ठरत. म्हणूनच पुढे कायद्यास हात घालावा लागला. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमान्वये बाजारास नियम घालण्यात आले. १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. निजामाच्या राज्यात १९३० साली, मुंबई इलाख्यात १९३९ साली आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ साली शेतमालाच्या बाजारांचे कायदे झाले. या सर्व खटाटोपाचा व्यवहारातील मथितार्थ एका वाक्यात सांगता येईल: माल उघड्यावर मांडावा, बोली मोठ्याने बोलावी, आणि ठरलेला भाव कागदावर उतरवावा. उघड लिलावाने अडत्यांचा धंदा बुडाला नाही. उलट, ज्या मोंढ्यात बोली उघड होते त्या मोंढ्याकडे दहा गावे टाकून माल येतो, हे व्यापारी वाचकांस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

इतका प्रस्ताव करण्याचे कारण असे की, धान्याच्या बाजारात जी सुधारणा आपण केव्हाच पत्करली, ती नगराच्या कारभारात पत्करण्यास मात्र आपण अद्यापि तयार नाही. लातूर-नांदेड हमरस्त्यावरील अहमदपूर हे तालुक्याचे गाव घ्या. सोयाबीन, तूर व हरभरा यांचा येथे मोंढा आहे, महाविद्यालये आहेत, तालुक्याच्या कचेऱ्या आहेत, आसपासच्या खेड्यांचा नित्य राबता आहे. असल्या गावात रोज शेकडो गोष्टी ठरत असतात. नळाला पाणी किती दिवसांनी सोडावे, गटाराचे काम आधी कोणत्या गल्लीत काढावे, बाजारातील गाळे कोणास व कोणत्या भाड्याने द्यावे, हातगाडीवाल्यांनी कोठे उभे राहावे, वाचनालयास पैसा किती द्यावा, हे सर्व ठरते. पण ते ठरते कोठे, कोणाच्या म्हणण्यावरून ठरते व का ठरते, असे दहा नागरिकांस विचारून पाहा. नऊ जण हात झटकतील, आणि दहावा आवाज खाली आणून एखाद्या वजनदार गृहस्थाचे नाव सांगेल. आवाज खाली आणावा लागणे, हेच रुमालाचे लक्षण होय.

यावर कोणी म्हणेल, आमच्या गावात बोलणे कमी आहे असे कोण म्हणतो? चहाच्या टपरीवर, पानाच्या ठेल्यावर, कटिंगच्या दुकानात, मोंढ्यातल्या गाद्यांवर सकाळपासून रात्रीपर्यंत गावाचीच चर्चा चालते. हे खरे आहे, आणि या चर्चेस आम्ही तुच्छ लेखीत नाही. पुष्कळ वेळा कचेरीतील कागदापेक्षा टपरीवरील बातमी अधिक खरी निघते. परंतु नगराच्या संवादास तीन गोष्टी लागतात. ज्याने उत्तर द्यावयाचे तो समोर असावा लागतो. विचारणाऱ्याने आपल्या नावानिशी विचारावे लागते. आणि जे बोलणे झाले त्याची नोंद राहावी लागते. टपरीवरील बोलण्यात या तिन्हींचा अभाव असतो. त्यामुळे तेथे मन हलके होते, पण गटार तुंबलेलेच राहते. आणि आज बोललेले उद्या नाकारता येते, म्हणून कोणी तोलूनमापून बोलतही नाही.

ही सवय आपल्या मुलखास मुळातच नाही, मराठवाड्यातील माणूस स्वभावतःच सोशिक व अबोल, असा एक समज पसरलेला आहे. आमच्या मते तो निव्वळ चुकीचा आहे. ज्या बिदर जिल्ह्यात अहमदपूर तालुका पिढ्यान्पिढ्या होता, त्याच जिल्ह्यातील कल्याण नगरीत बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी अनुभवमंटप स्थापिला, असे परंपरा सांगते. त्या मंटपाच्या पीठावर अल्लमप्रभू होते. तेथे धोबी माचय्या, नावाडी चौडय्या, चांभार हरळय्या आणि अक्कमहादेवी यांच्यासारखे लोक आपापल्या अनुभवाचे बोल सर्वांसमक्ष बोलत, आणि राजाचा मंत्री ते ऐकत असे. अहमदपुरास वीरशैव परंपरेचा वारसा केवढा आहे, हे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराजांचे २०२० साली निर्वाण झाले तेव्हा लोटलेल्या शोकावरून सर्वांस दिसले. ज्या परंपरेच्या मुळाशी चर्चेचा मंटप आहे, त्या परंपरेच्या गावास नागरिकांची सभा परकी वाटावी, हा विपर्यास होय.

मग सवय मोडली कशाने? तिचे कारण इतिहासात स्पष्ट आहे. इंग्रजी मुलखात, पुण्यास, १८७० साली सार्वजनिक सभा निघाली. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुण्याच्या म्युनिसिपालिटीत १८८० साली लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याची सूचना आली, तेव्हा सभासद जोतीराव फुले यांनी एकट्याने तिला विरोध केला आणि हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे मत दिले. मतमोजणीत ते हरले. परंतु सभा उघड होती व मताची नोंद होती, म्हणून आज जवळजवळ दीडशे वर्षांनी, ते स्वागत कसे झाले याची आठवण कोणास नाही आणि तो विरोध मात्र सर्वांस ठाऊक आहे.

त्याच काळात निजामाच्या राज्यात काय होते? १९२१ च्या फर्मानाने राजकीय सभेस सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक झाली, आणि पुढे ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमाने सभा-संमेलनांचा गळा अधिकच आवळला. हैदराबाद संस्थानातील प्रजेस आपल्या राज्याच्या कारभाराविषयी परिषद भरवावयाची तर तिला काकिनाडा, मुंबई, पुणे, अकोला अशी परमुलखातील गावे शोधावी लागली. आपल्या घरची गोष्ट बोलण्यास शेजाऱ्याच्या ओसरीवर जावे लागावे, असा हा प्रकार. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे व दुसरे १९३८ साली लातूर येथे भरले, तेव्हा कोठे या मुलखातील लोकांस आपल्या अंगणात, आपल्या भाषेत आपली दुःखे बोलता आली. ‘मराठवाडा’ पत्र १९३८ साली आनंद कृष्ण वाघमारे यांनी काढले तेही पुण्याहून. आणि संस्थानी सरकारची बंदी चुकविण्यासाठी त्यास वेळोवेळी नाव बदलून निघावे लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. पण जी जीभ दोन पिढ्या दाताखाली धरली गेली, ती एका दिवसात मोकळी होत नसते.

त्यात या तालुक्याच्या वाट्यास आणखी एक गोष्ट आली. राजूर हे जुने नाव असलेले अहमदपूर निजामाच्या काळी बिदरकडे तोंड करून होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तीन तालुके बिदरपासून तुटून तेव्हाच्या मुंबई राज्यात आले आणि पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यास जोडले गेले. १९८२ साली लातूर जिल्हा झाला, तेव्हा तोंड लातूरकडे फिरले. एका आयुष्यात ज्या गावाच्या जिल्ह्याची कचेरी दोनदा बदलली, त्या गावास अर्ज उत्तम लिहिता येऊ लागला यात नवल नाही. साहेब कोठेही असो, त्यास निवेदन द्यावे, निवेदन देताना छायाचित्र काढावे, ते दुसऱ्या दिवशी पत्रात यावे, येथे आपले कर्तव्य संपते. अर्जदार वर पाहतो. नागरिकाने समोर पाहावयाचे असते. अर्ज लिहिण्याची कला आपण संपादिली. समोरासमोर बसून प्रश्न विचारण्याची व उत्तर देण्याची मात्र अद्याप शिकावयाची आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सभा भरविण्याचा व मत मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने प्रत्येकास दिलेला आहे. परंतु हक्क असणे निराळे आणि त्यास बसावयास जागा असणे निराळे. खेड्यास घटनेच्या २४३-अ कलमाने ग्रामसभा मिळाली. महाराष्ट्रात ती वर्षातून चार वेळा तरी भरावी असा दंडक आहे. मोठ्या शहरांसाठी २४३-एस कलमाने प्रभाग समित्यांची योजना केली; पण ती तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांपुरती आहे. अहमदपूरची वस्ती २०११ च्या शिरगणतीत पन्नास हजारांच्या आत होती. म्हणजे खेड्यातील माणसास ग्रामसभा, महानगरातील माणसास प्रभाग समिती, आणि तालुक्याच्या गावातील माणसास यांपैकी एकही घटनेने बंधनकारक केलेली नाही! २००९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने महापालिका व नगरपरिषदांच्या कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची कल्पना आणली खरी. पण ती लोकांच्या अंगवळणी पडली, असे कोणासही म्हणवणार नाही.

राहता राहिली नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा. ती लोकांस खुली असावी, हा नगरपालिकांच्या कायद्यांतील जुना दंडक आहे. परंतु ही एक खिडकीही मध्यंतरी बंद झाली होती. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती २०२१-२२ च्या सुमारास संपल्या. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयांत गेला. आणि सुमारे चार वर्षे नगरांचा कारभार प्रशासकांच्या सहीने चालला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याविषयी आदेश दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांसाठी मतदान झाले. प्रशासकांपैकी पुष्कळांनी काम नेटाने केले असेल. त्याविषयी आमचा वाद नाही. पण ज्या सभेत दोन बाजू उभ्या राहतात ती सभाच नव्हती, आणि चार वर्षांत लोकांस तिच्यावाचून राहण्याची सवय लागली. ही सवय आम्हांस कोणत्याही एका गैरव्यवहारापेक्षा अधिक घातक वाटते. गैरव्यवहार उघडकीस आणता येतो. परंतु ज्या गावास विचारावेसेच वाटेनासे झाले, त्या गावाचे काय करावे?

अबोलपणाची किंमत किती पडते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. २०१६ सालचा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. त्या वर्षी मार्च महिन्यात लातूर शहरातील पाणी भरण्याच्या ठिकाणी दंगा होऊ नये म्हणून तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली जमावबंदी करावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आगगाडीने पाणी आणावे लागले. पाऊस कोणाच्या हातचा नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण धरणात पाणी किती उरले, ते कोणास किती दिले जाते, विंधनविहिरी किती खोल गेल्या, नळातून गळती किती होते, या प्रश्नांवर एखाद्या नगराने पाणी असतानाच दर वर्षी उघड सभा भरवून हिशेब मागितला, तर संकट टळले नाही तरी ते अचानक अंगावर कोसळत नाही. ज्या विषयावर चार माणसांनी वेळेवर एकत्र बसून बोलावयाचे, त्या विषयावर अखेर चार माणसांनी एकत्र जमू नये असा हुकूम काढण्याची पाळी येते, ही गोष्ट प्रत्येक सुज्ञ नागरिकाने मनात घोळवावी.

येथे सुधारणेच्या दृष्टीने एक मुद्दा सांगणे आवश्यक आहे. सभा भरली म्हणजे ती सर्वांची झाली, असे समजू नये. महाडच्या म्युनिसिपालिटीने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले तेव्हा तो कागदावरून जमिनीवर उतरला. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला म्युनिसिपालिटीने तो ठराव मागे घेतला! प्रकरण न्यायालयात गेले व उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडले. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. ज्यांच्याविषयी ठराव होतो ते सभेत नसतील तर ठराव मुका राहतो. आणि नगराचे पुढारी एकमेकांतच बोलत राहिले तर दिलेला शब्दही फिरवू शकतात. आज स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रात २०११ पासून हे झाले. परंतु बाई खुर्चीवर आणि बोलतात यजमान, हा देखावा कोणत्या गावी दिसत नाही? हमाल, मापाडी, सफाई कामगार, हातगाडीवाले, भाजी विकणाऱ्या बाया हे नगराचे अर्धे काम करतात. त्यांचा शब्द ज्या सभेत नाही तिला नगराची सभा म्हणणे म्हणजे शब्दाचा दुरुपयोग होय.

सांस्कृतिक बाजूसही हाच नियम लागू आहे. या भागात साहित्याची आवड थोडी नाही. उदगिरास एप्रिल २०२२ मध्ये पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची व्याख्याने ऐकण्यास एके काळी गावेच्या गावे लोटत. पण कुरुंदकरांचे मोठेपण केवळ बोलण्यात नव्हते. श्रोत्यास विरोध करावासा वाटेल इतके स्पष्ट बोलण्यात ते होते. आपल्या आजच्या व्याख्यानांत दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, परिचय व आभार यांतच घटका निघून जातात, आणि श्रोत्यास प्रश्न विचारण्याची वेळ येते तेव्हा मंडपवाला खुर्च्या उचलीत असतो. एकाने बोलावे व हजारांनी टाळ्या वाजवाव्या, याने करमणूक होते. लोकमत त्याने घडत नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की लोक येणार नाहीत. पेढी उघडली त्या दिवशीच गिऱ्हाइकांची रांग लागत नसते, हे व्यापाऱ्यांस सांगणे नलगे. वीस माणसे आली तरी पुरे. ती दर महिन्यास आली पाहिजेत. दुसरा आक्षेप असा की भांडणे होतील. भांडणे आजही होतात. फक्त ती पाठीमागे होतात, म्हणून मिटत नाहीत. तिसरा आक्षेप नव्या पिढीचा: आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, व्हॉट्सॲपच्या गटात रोज सभा भरते, मग जागा कशास हवी? आमचे उत्तर असे की, त्या गटात आपल्या मताची माणसे आपल्याच मताच्या माणसांशी बोलतात. अफवा पुढे ढकलणाऱ्यास कोणी जबाबदार धरीत नाही. आणि ज्या अधिकाऱ्याने उत्तर द्यावयाचे तो त्या गटात नसतो, असला तरी गप्प असतो. बातमी पोचविण्यास ते साधन उत्तम आहे; जबाब घेण्यास ते अपुरे आहे.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण खरा तोच आहे. व्यापारी मनात म्हणतो, माझे दुकान, माझा परवाना, माझी उधारी-उसनवारी सर्व या गावात. चारचौघांत प्रश्न विचारून कोणाशी वाकडे कशास घ्यावे? ही भीती आम्ही खोटी म्हणत नाही. एकट्याने विचारणाऱ्यास ती बाधते. म्हणूनच सभा नियमित हवी. जेथे दर महिन्यास पंधरा जण प्रश्न विचारतात, तेथे सोळाव्याचे नाव कोणी लक्षात ठेवीत नाही. आणि गप्प बसण्याचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. रस्ता सहा महिने उकरून पडला, पावसाळ्यात पाणी दुकानात शिरले, वाहने उभी करण्यास जागा नाही म्हणून खेड्यातील गिऱ्हाईक परस्पर दुसऱ्या गावी गेले, तर तो तोटा वहीच्या कोणत्या पानावर लिहावयाचा? बोलणाऱ्याची माती विकते व न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, ही म्हण मोंढ्यातच जन्मली असावी.

तेव्हा करावे काय? आमची सूचना मोठ्या खर्चाची नाही. दर महिन्यास एक संध्याकाळ, आठवडी बाजाराचा दिवस सोडून, दोन तासांची नगरसभा भरावी. जागा कोणत्याही पक्षाची, पंथाची वा घराण्याची नसावी. शाळेचा अथवा महाविद्यालयाचा दिवाणखाना, किंवा वाचनालय चालेल. विषय एकच असावा व तो आठ दिवस आधी फलकावर लागावा. पावसाळ्यापूर्वी गटारे व साथीचे रोग. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक सुरू होते तेव्हा मोंढ्यातील वजन-काटे, वाहतूक व हमालांच्या सोयी. नवे आर्थिक वर्ष एप्रिलात लागते, म्हणून त्याआधी माघ-फाल्गुनात नगरपरिषदेचे अंदाजपत्रक. आणि अधूनमधून वाचनालय, नाट्यगृह, मुलांची मैदाने असे विषय घ्यावे. अध्यक्षपद पाळीने द्यावे: एकदा शिक्षक, एकदा व्यापारी, एकदा हमाल, एकदा बचतगटातील भगिनी. व्यासपीठ, हार, शाल, नारळ यांस पूर्ण मनाई असावी. बोलणाऱ्यास पाच मिनिटे द्यावी, मग तो पुढारी असो वा पाणी भरणारी बाई असो.

प्रश्न आधी लेखी घ्यावे व नगरपरिषदेकडे पाठवावे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील चौथे कलम असे सांगते की सार्वजनिक संस्थेने आपला कारभार, खर्च व निर्णय यांची माहिती कोणी न मागताही प्रसिद्ध करावी. तेव्हा उत्तर देणे ही मेहेरबानी नव्हे. उत्तर न आल्यास प्रश्न तारखेसह फलकावर तसाच राहू द्यावा. रिकाम्या जागेइतके बोलके उत्तर दुसरे नाही. सभेचे टिपण ठेवावे. ज्याचे मत बहुमताविरुद्ध पडेल त्याचे मत त्याच्या नावासह लिहावे, आणि त्या टिपणाची प्रत नगरपरिषद, मोंढा व बसस्थानक या तीन ठिकाणी लावावी.

अशा सभेच्या ठरावास कायद्याचे बळ नाही, हे आम्ही जाणतो. १८७० साली सार्वजनिक सभेच्या ठरावासही ते नव्हते. परंतु १८७६-७७ च्या दुष्काळात त्या सभेने गावोगाव माणसे पाठवून माहिती गोळा केली व ती सरकारपुढे ठेवली, तेव्हा परक्या सरकारासही तिची दखल घ्यावी लागली. आज सरकार आपले, नगरपरिषद आपली, पैसा आपला. खऱ्या माहितीस व नियमित हजेरीस आज अधिक वजन यावे, कमी येऊ नये.

नव्याने निवडून आलेल्या सभासदांस आमची एवढीच विनंती की, ही सभा आपल्यावर पाळत ठेवण्यास निघाली असे त्यांनी समजू नये. उघड लिलावाने जसा प्रामाणिक अडत्या संशयातून मोकळा झाला, तसा प्रामाणिक सभासदही उघड सभेने मोकळा होईल. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण घरच्या अडचणीपुरती ठीक आहे. सार्वजनिक पैशास ती लागू नाही. ज्यास मूठ उघडण्याची भीती वाटत नाही, त्याने पहिल्याच सभेस येऊन बसावे.

पहिला विषय कोणता घ्यावा याविषयी मतभेद होऊ नये म्हणून आम्ही पाण्याचा सुचवितो; तो मोंढ्यालाही लागतो आणि झोपडीलाही. येणाऱ्याने भाषण तयार करून आणण्याचे कारण नाही. आपल्या गल्लीतील एक प्रश्न कागदावर लिहावा, खाली आपले नाव घालावे, आणि तो कागद बरोबर आणावा.